खोली तपासली, आत कुणी नाही

अध्ययन निष्पत्ती लिहिण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या कॉलेजात नाही! हे मी गर्वानं सांगत नाही, नाइलाजानं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक. कोर्स संपल्यावर पोरांना नेमकं काय करता येईल, ते आधीच लिहून द्यायचं. मग तपासणी समिती येते, पोरांना ते करायला लावते, आणि जमलं नाही की कोर्स बंद. कोर्स बंद म्हणजे माझ्यासारखा कंत्राटी मास्तर घरी. आमचा कोर्स अग्निशमन आणि अग्निसुरक्षेचा. जगाची आग विझवायला शिकवायची, ती घरची चूल पेटती राहावी म्हणून!

माझ्या आधीचे मास्तर मोठे आशावादी. त्यांनी लिहून ठेवलं होतं, 'विद्यार्थी धुरात अडकलेला माणूस शोधून बाहेर काढेल.' केवढा हा आत्मविश्वास! आणि माणूस सापडला नाही तर? मी ते वाक्य सरळ खोडलं आणि लिहिलं, 'विद्यार्थी भिंतीवरचा हात न सोडता खोलीची पूर्ण फेरी मारेल, हाताला लागेल त्या व्यक्तीला वाद न घालता बाहेर काढेल, दार लावून घेईल आणि दारावर खडूने फुली मारेल.' भिंतीवर हात अशासाठी की धुरात वाट चुकू नये. फुली अशासाठी की तपासलेल्या खोलीत पुन्हा कुणी वेळ घालवू नये. आता सांगा, यात नापास होण्यासारखं काही आहे? प्राचार्यांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कॉलेजात माझ्या पाठीला झालेला तो पहिला मानवी स्पर्श.

यंदा तर जिवावरचंच काम होतं. एका मोठ्या इस्पितळानं आमची सगळी बॅच कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, कोर्सला मान्यता हवी. बॅचमधला आमचा पहिलवान, म्हणजे दारातून आत येताना दोन्ही बाजूंनी घासत येणारा मुलगा, त्याच्या आईनं तर लोकांकडची धुणीभांडी सोडूनही दिली होती. "आता माझा लेक इस्पितळात लागला," असं ती गल्लीभर सांगत सुटली होती. मला हे कळलं तेव्हापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. तसंही ते फार नव्हतंच.

तपासणीच्या आदल्या दिवशी आमच्या डमीचा हात निखळला. डमी म्हणजे धुरात ठेवायचा कापडी माणूस. दोन मुलांनी त्याला दोन दिशांना वाचवलं. हात एकाकडे, बाकीचा दुसऱ्याकडे, आणि भुसा सगळ्या व्हरांड्यात. नवा डमी मागवायचा तर मंजुरी येईपर्यंत माझी दोन-चार कंत्राटं संपली असती. तेव्हा मीच आडवा व्हायचं ठरवलं.

घरी बायकोला सांगितलं, "उद्या मी बेशुद्ध पडणार आहे."

ती माझ्या शर्टाला बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "सराव काय घरीच झालाय तुमचा. रोज संध्याकाळी सोफ्यावर वेगळं काय करता?"

"अगं, पोरं मला खांद्यावर टाकून बाहेर काढतील!"

"काढू देत. मग घरी आणून सोडायला सांगा, भाजी तेवढी घेऊन या म्हणावं."

अशा प्रोत्साहनावर मी आजवर तगून आहे.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षबाई उंच, शिस्तीच्या, हातात लाकडी पाटीवर कागद अडकवलेले. त्या समोरच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. मी कुणाला न सांगता आधीच आत गेलो. पोरांना आधी कळलं असतं तर ती थेट माझ्याकडेच आली असती, मग परीक्षा कसली? डमीच्या जागी कुणीतरी माणूस असेल, एवढंच सांगून ठेवलं होतं. आमची धुराची खोली म्हणजे जुनं गोदाम, खिडक्या बुजवलेल्या. भिंतीकडेची जमीन ओलसर होती. मला सर्दीचा त्रास. म्हणून मी मधोमध, कोरड्या जागी, पाय पसरून छान बेशुद्ध पडलो.

मशीन सुरू झालं. धूर नाटकातला, निरुपद्रवी, घसा खवखवतो एवढंच. पण क्षणात स्वतःचं नाकही दिसेना! तेवढ्यात मशीन खोकलं आणि थांबलं. मागच्या दाराची किल्ली फिरल्याचा आवाज आला. प्राचार्यांनी वायरमनला पाठवलं होतं. त्यानं आत येऊन दार ओढून घेतलं आणि भिंतीकडेला बसून खुडबूड करायला लागला. मशीन पुन्हा सुरू झालं. वायरमन तिथेच बसून राहिला, कारण त्याला आता दार दिसत नव्हतं.

मग आमची जोडी आत शिरली. पुढे पहिलवान, एक हात भिंतीवर. त्याच्या कमरेचा पट्टा धरून मागे शंका. ही मुलगी तासाला पन्नास शंका विचारायची, म्हणून ते नाव. दोघांची चाल इतकी शिस्तीची की माझा ऊर भरून आला. बूट जवळ आले, माझ्यापासून पाच-सहा हातांवरून गेले, लांब गेले. भिंत सोडली नाही पठ्ठ्यांनी! मग एकदम झटापट.

"अरे सोड! कोण आहे रे?"

"घाबरू नका काका, आम्ही आलोय."

"अरे मी वायरमन! मशीन बघतोय मी!"

"हो हो, तुम्ही वायरमन. आता हात माझ्या गळ्यात टाका."

"काका भांबावलेत," शंका म्हणाली. "वाद घालू नकोस. निष्पत्तीत लिहिलंय."

आता मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. बेशुद्ध माणसानं बोलायचं नसतं, पण मी दबक्या आवाजात म्हणालो, "अरे, मी इकडे आहे!"

"काका, बोलू नका, दम लागेल," पहिलवान वायरमनला म्हणाला.

आणि गेले! समोरचं दार बंद झालं, बाहेरून कडी लागली, खडू करकरला. बाहेर टाळ्या पडल्या. वायरमन ओरडत होता, "मला काही झालेलं नाही!" आणि अध्यक्षबाई म्हणत होत्या, "वा! माणूस किती हुबेहूब काम करतोय!" मग त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क बसला असावा, कारण पुढे नुसतंच घूं घूं ऐकू आलं.

मी रांगत मागच्या दाराशी गेलो. ते आतून उघडत नाही. किल्ली वायरमनच्या खिशात, आणि वायरमन स्ट्रेचरवर बांधलेला. आतून न उघडणारं दार हा गुन्हा आहे, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवतो. उरलं समोरचं दार. मी त्यावर हळूच टकटक केली.

"कोण आहे?" शंकेचा आवाज.

"मी, सर!"

"सर, ही खोली तपासून झाली. आत कुणी नाही."

"अगं, मी आहे ना आत!"

मग ती दाराच्या फटीला तोंड लावून कुजबुजली. "सर, तुम्ही कुठे होता?"

"मधोमध."

"मधोमध तर आम्ही गेलोच नाही. भिंत सोडायची नाही ना?"

"ते राहू दे. कडी काढ."

"सर, समिती इथेच उभी आहे. बाईंनी आत्ताच लिहिलं, खोली पूर्ण तपासली म्हणून. तुम्ही आतून निघालात तर सगळी बॅच नापास. पहिलवान तिकडे आईला फोन करतोय सर. रडतोय तो, आनंदानं."

हे तिचं पहिलंच बोलणं, ज्यात शंका नव्हती. मी धुरात उभा राहिलो. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळं धुराचं नव्हतं. त्या पोराची आई उद्या पुन्हा कुणाच्या दारात काम मागायला उभी राहील, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"बरं," मी म्हणालो. "मग मी आत नाही."

"थँक यू सर," ती म्हणाली.

मी दाराला पाठ लावून खाली बसलो आणि बाहेरचं सगळं ऐकत राहिलो. अध्यक्षबाई विचारत होत्या, "या निष्पत्ती लिहिल्या कुणी? इतक्या नेमक्या मी कुठे पाहिल्या नाहीत. बोलवा त्यांना, मला भेटायचंय." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला भेटायचं म्हणत होतं, आणि मध्ये लाकडाची एक फळी! प्राचार्य म्हणाले, "सर कुठे गेले? कुणी पाहिलंत सरांना?"

"नाही," सगळी बॅच एका सुरात म्हणाली. म्हणजे एव्हाना शंकेनं सगळ्यांना सांगितलं होतं.

"कोर्सचा प्रमुख तपासणीच्या दिवशी गैरहजर?" अध्यक्षबाईंचा आवाज थंड झाला. "मुलं हिऱ्यासारखी आहेत म्हणून मान्यता देतेय. पण या गृहस्थांची दखल घ्या."

समिती चहाला गेल्यावर कडी निघाली. सगळी बॅच दारात उभी होती, माना खाली घालून. पहिलवान पुढे झाला, मला मिठी मारली आणि माझ्या बरगड्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. "सर, पास झालो!" तो म्हणाला. मी म्हणालो, "शाब्बास." दुसरं काय म्हणणार?

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये उभं करून विचारलं, "कुठे होतात तुम्ही?"

"जरा... अडकलो होतो."

"कुठे?"

"खाजगी कारण आहे."

त्यांनी लेखी खुलासा मागितला, ताकीद दिली, पगारवाढ थांबवली. वायरमनला मात्र उत्कृष्ट सहकार्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते हातात धरून तो घूं घूं करतच घरी गेला. मी भाजी घेऊन घरी गेलो. बायकोनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, शर्टाचा वास घेतला आणि विचारलं, "वाचवलं का पोरांनी?"

"नाही."

तिनं पाणी तापवायला ठेवलं.

त्या धुरात पडल्या पडल्या काय वाटलं, ते मी तिलाही सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. बूट जवळून गेले तेव्हा मला गंमत वाटली. ते लांब गेले आणि दार लागलं, तेव्हा मला भीती वाटली. खरीखुरी! धूर खोटा आहे हे माहीत असूनही. आणि ही पोरं आता इस्पितळात जाणार. तिथे पलंग काही सगळे भिंतीला लावलेले नसतात.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना म्हणालो, "सर, निष्पत्तीत एकच ओळ वाढवू. विद्यार्थी माणूस शोधून काढेल."

ते दचकले. "मान्यता मिळालेल्या निष्पत्तीला हात लावायचा नाही! बदल केला की पुन्हा तपासणी. आणि माणूस सापडला नाही तर?"

तो माझाच प्रश्न होता.

तेव्हापासून पोरं कामावर रुजू होईपर्यंत दर शनिवारी, कॉलेज सुटल्यावर, अभ्यासक्रमाबाहेर, मी स्वतः मशीन सुरू करतो आणि त्या खोलीत मधोमध आडवा होतो. मागच्या दाराला आता आतून उघडणारी कडी आहे, ती मी पदरमोड करून बसवली. पोरांना सांगितलंय, भिंत विसरा, दोरी बांधा, मधे या, मला शोधा. येतात बिचारी, अगदी मनापासून येतात.

आणि प्रगती आहे, नाही असं नाही! गेल्या शनिवारी पहिलवान चक्क मधोमध आला. त्याचा बूट अख्खाच्या अख्खा माझ्या हातावर पडला. मी तोंडातून आवाज काढला नाही. तो थबकला, खाली वाकला, त्यानं माझं डोकं चाचपून पाहिलं. माझा श्वास आनंदानं अडकला.

"सॉरी सर!" तो अदबीनं म्हणाला, आणि पुढे शोधायला निघून गेला.