मागच्या नळावरची चाचणी

बोट तपासणीसाठी क्लबाच्या टाकीवर न्यायची की घरामागच्या नळालाच लावायची, एवढाच काय तो प्रश्न होता. सोमवारी सकाळी सुनेने तो अर्ध्या मिनिटात सोडवला आणि पुढचा आठवडाभर सगळं घर त्या अर्ध्या मिनिटाची फळं खात बसलं.

खरं तर क्लबाची टाकी काही परदेशात नव्हती. चालत दहा मिनिटं. शर्यतीच्या बोटींची इंजिनं तपासायलाच ती बांधलेली. पण दहा मिनिटं म्हणजे छकुली रडली तर ऐकू न येण्याइतकं अंतर. छकुली नऊ महिन्यांची होती आणि रडत नसतानाही सुनेला तिचं रडणं ऐकू येत असे.

"आई आहे की घरात," नवरा म्हणाला.

("आई" म्हणजे सासूबाई. त्यांनी दोन मुलं धडधाकट वाढवली होती हे खरं; पण वेळा, मिलिलिटर आणि तापमान वहीत न लिहिता वाढवली होती, त्यामुळे तो अनुभव सुनेला हिशेबात धरता येत नव्हता.)

"मागचा नळ काय वाईट आहे? नळाचं पाणी ते पाणीच," सून म्हणाली. झालं. बोट मागच्या अंगणात, दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांखाली आली.

बोट सासऱ्यांची. सासरे म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. बोलायला इतके मऊ की शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही "जरा बाजूला होता का?" म्हणतील. पण वर्षातून एकदा, तळ्यावरच्या शर्यतीत, हा माणूस लाल जाकीट घालून त्या अरुंद बोटीत बसायचा आणि असा सुसाट सुटायचा की सासूबाई काठावर पाठ फिरवून उभ्या राहायच्या. पासष्टी ओलांडलेल्याला सुकाणूवर बसू द्यायचं नाही, असा क्लबाचा नियम. सासऱ्यांना पासष्ट पूर्ण व्हायला दोन महिने होते. म्हणजे ही, येत्या रविवारची, शेवटची.

शर्यतीआधी प्रत्येक इंजिनाच्या तपासणीचा कागद भरून द्यावा लागे, त्यावर जाणकाराची सही. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"मिस्त्रींना सांगितलं असतं," सासरे चाचरत म्हणाले होते, "पण म्हटलं, घरात माणूस असताना बाहेर कशाला? म्हणजे, तुला वेळ असेल तर हं."

सुनेने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. लग्नाआधी आणि नंतरही मिळून तीन वर्षं ती याच मिस्त्रींच्या कारखान्यात बोटींची इंजिनं उघडत होती. गेल्या नऊ महिन्यांत मात्र तिने उघडलेली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे बाळाच्या औषधाचं झाकण. कुणीतरी अजून आपल्याला "माणूस" समजतं, तेही इंजिन समजणारं, हे ऐकून तिला रडू यायचंच बाकी राहिलं.

आता या इंजिनाची गोष्ट अशी की ते तळ्याचं पाणी खालून ओढून घेतं, अंगभर फिरवतं आणि गार राहतं. बोट जमिनीवर असली की पाणी आत घेणाऱ्या भोकांवर दोन रबरी वाट्या बसवायच्या, त्यांना नळाची नळी जोडायची. दिसायला कानावर हेडफोन लावल्यासारखं. समोर एक काटा असतो, तो आतल्या पाण्याचा दाब दाखवतो. काटा बारावर असला की सगळं ठीक. चारवर आला की समजायचं, इंजिन तहानलंय. आणि तहानलेलं इंजिन भर वेगात कधी जाम होईल याचा नेम नाही.

सोमवारी काटा बारावर होता. सुनेला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो पुरती वीस मिनिटं टिकला. अकरा वाजून पाच मिनिटांनी काटा चारवर आला.

तिने झटकन इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं. बारा. दुपारी परत चार, तीन मिनिटं. मग बारा.

"अगं, हा येतो-जातो म्हणजे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"काट्याचाच दोष असेल, बाबा. पहिल्यांदा काट्यावरच संशय घ्यायचा असतो." हे वाक्य तिने अगदी मिस्त्रींच्या थाटात म्हटलं.

मंगळवारी नवा काटा आला. नवा काटाही अकराच्या सुमारास चारवर आला, फक्त जास्त स्पष्ट दिसला.

बुधवारी तिने पाणी आत घेणारी जाळी साफ केली आणि पंपातला रबरी पंखा बदलला. जुना पंखा अगदी ठणठणीत निघाला. काटा पडलाच. संध्याकाळी तिने मिस्त्रींना फोन लावला.

"पाणी आत नीट येतंय का ते बघ, बाई," मिस्त्री म्हणाले. मागे कारखान्यात कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"जाळी बघितली. दोनदा."

"जाळीच्या अलीकडे?"

"अलीकडे वाट्या, नळी आणि नळ. नळ पूर्ण उघडा आहे, मिस्त्री. एवढं कळतं मला." (एवढंच कळत होतं, हे तिला तेव्हा कळत नव्हतं.)

"मग सरळ पाण्यात उतरव आणि बघ. तळ्यात काटा काय म्हणतो ते खरं."

"आणि तळ्याच्या मधोमध बंद पडली तर?"

"तर वल्हं मारत परत ये! बोटच आहे ती, विमान नाही."

पण सुनेच्या डोळ्यांसमोर वल्हं येतच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर सासरे आले, लाल जाकिटात, धुराच्या लोटात. बोट पाण्यात उतरली नाही.

इकडे वही भरत चालली होती. सुनेची वही एकच: डाव्या पानावर छकुली, उजव्या पानावर इंजिन. डावीकडे दूध, झोप, शी-शू, वेळेसकट. उजवीकडे दाब, वेळेसकट. बुधवारी रात्री जेवताना नवऱ्याने ती सहज चाळली आणि तो हसायला लागला.

"हे बघ! डावीकडे 'शी, दहा चाळीस'. उजवीकडे 'दाब पडला, अकरा पाच'. डावीकडे 'शी, अडीच'. उजवीकडे 'दाब पडला, दोन पन्नास'. अगं, पोरगी आणि इंजिन जुळी आहेत!"

"फार विनोद झाला."

"विनोद नाही, शास्त्र आहे! तिने कार्यक्रम उरकला की वीस-पंचवीस मिनिटांत इंजिनाची हवा जाते. तिचा आवाज होतो म्हणून का?"

"तू जेव." सुनेने वही काढून घेतली. नऊ महिने सलग न झोपलेल्या माणसाला आपल्या शास्त्राची थट्टा सहन होत नाही.

आणि गुरुवारी तिला पुरावाच मिळाला. गुरुवारी दुपारी एक ते तीन छकुलीने काहीही केलं नाही. व्रत घेतल्यासारखी कोरडी राहिली. तरीही दोन वाजता काटा पडला, आणि एकदा नव्हे, चांगला तीनदा. सुनेने विजयी मुद्रेने वही नवऱ्यापुढे नाचवली. "घ्या तुमचं शास्त्र!"

त्याच गुरुवारी सकाळी ती काट्यावर डोळा रोखून बसली असताना न्हाणीघरातून नवऱ्याची आरोळी आली होती, "अगं, पाणी गेलं! डोळ्यात साबण आहे माझ्या!"

"धुण्याचं मशीन लावलंय, दोन मिनिटं थांब!" तिने काट्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं होतं. काटा तेव्हा चारवर होता. तिने वेळही नोंदवली.

(वाचकहो, तुम्ही हसता आहात ते ठीक आहे. तुमची झोप झालेली आहे.)

उरलेला गुरुवार तिने सगळ्या नळ्या उघडण्यात घालवला. शुक्रवारी साडेचारला सासरे कागद आणि पेन घेऊन अंगणात आले. कागद त्यांनीच भरून ठेवला होता, मास्तरी वळणदार अक्षरात. फक्त सहीची जागा रिकामी.

"कसं करूया?" त्यांनी विचारलं.

सुनेच्या हाताला वंगण होतं, केसांना वंगण होतं, आणि उघडलेली एकूण एक वस्तू निर्दोष निघाली होती. डॉक्टरला काहीच सापडलं नाही की आई जास्त घाबरते. तसं तिचं झालं.

"बाबा, मला कारण सापडत नाहीये. आणि कारण सापडत नाही तोवर मी तुम्हाला त्यात बसू देणार नाही. सही नाही करत मी."

सासऱ्यांनी काट्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. ते एवढंच म्हणाले, "बरं. तू म्हणतेस तर नाही." आणि क्लबात जाऊन नाव काढून घेऊन आले. वाटेत छकुलीसाठी खुळखुळा आणला.

त्या रात्री धुण्याची पावडर संपली.

शनिवारी सुनेने इंजिन जोडलं. बंद करून ठेवण्याआधी एकदा चालवायला हवं होतं. काटा बारावर गेला आणि बसला. दहा मिनिटं. वीस. चाळीस. आठवडाभर इतके हाल करणारा काटा आज पाळण्यातल्या शहाण्या बाळासारखा निवांत होता. बिघाड असा आपणहून जात नाही.

मग नवरा पावडर घेऊन आला आणि आंघोळीला गेला. सासूबाईंनी साठलेली दुपटी मशीनमध्ये कोंबली, बटण दाबलं. काटा दहा झाला, सात झाला, चार झाला.

"अगं, पाणी गेलं!" न्हाणीघरातून आरोळी आली.

"मशीन लावलंय, दोन मिनिटं थां..."

ते वाक्य तिने पुरं केलं नाही. अर्धं वाक्य तोंडात धरून ती अंगणात उभी राहिली. वरची टाकी एक, त्यातून येणारी नळी एक. मशीन पाणी प्यायला लागलं की न्हाणीघर तहानतं, हे या घरात नऊ महिन्यांच्या छकुलीलाही ठाऊक होतं. छकुलीची दुपटी एक क्षणही तशीच पडू द्यायची नाहीत, जंतू होतात, म्हणून चार चार दुपट्यांसाठी दिवसातून तीनदा मशीन लावणारी बाई कोण? तीच. नवऱ्याचं शास्त्र अक्षरशः खरं होतं.

पण मग गुरुवार? गुरुवारी दुपारी तर छकुली कोरडी होती.

"आई, गुरुवारी दुपारी मशीन कुणी लावलं होतं?"

"ह्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "ते लाल जाकीट धुवून घेतलं ना. म्हणाले, शेवटची शर्यत आहे, जरा स्वच्छ घालून जावं. तू कामात होतीस, म्हणून बिचाऱ्यांनी स्वतःच लावलं."

सून इंजिन बंद न करताच धावत सुटली. (ते बंद करायला तिला अर्ध्या वाटेवरून परत यावं लागलं.) क्लबाच्या कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"नाव परत घालता येणार नाही का?" तिला धाप लागली होती.

"ताई, यादीत वाट बघणारे सहा जण होते. कालच पाच वाजून दोन मिनिटांनी जागा गेली." मग तो अदबीने उठून उभा राहिला. "पण तुमचं कौतुक आहे हं. सख्ख्या सासऱ्यांनाही सूट नाही! आम्ही सगळे तेच बोलतोय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? मास्तरांनीच."

रविवारी शर्यत झाली. कोण जिंकलं ते सुनेला आठवत नाही. तिला काठावरचे सासरे आठवतात: धुतलेलं लाल जाकीट घालून, मांडीवर छकुली घेऊन बसलेले. बोटी वळण घ्यायच्या तेव्हा त्यांचा डावा हात आपोआप छकुलीच्या पोटावर हलकेच वळायचा. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते थांबवून सांगत होते.

"काय मास्तर, यंदा काठावर?"

"सून नाही म्हणाली! इंजिनाच्या पोटातलं ओळखते ती. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. मिस्त्रींनासुद्धा फोनवर सापडलं नाही."

सुनेने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिने ते मिटलं. शर्यत तर तिने आधीच हिरावून घेतली होती. आता शर्यतीच्या बदल्यात त्यांनी जे काही जुळवलं होतं, तेही काढून घ्यायचं? पण न सांगता त्यांच्या तोंडून कौतुक ऐकत राहणं तिला त्याहून जड जात होतं.

संध्याकाळी छकुली झोपल्यावर ती अंगणात गेली. सासरे बोटीवर ताडपत्री बांधत होते, एकेक गाठ सावकाश.

"बाबा, इंजिनात काहीच बिघाड नव्हता."

आणि तिने सगळं सांगितलं. नळ, टाकी, मशीन, दुपटी, न्हाणीघर. जाकिटाचं सगळ्यात शेवटी. सासऱ्यांचे हात गाठीवर थांबले.

"म्हणजे मी गेलो असतो, तर पोचलो असतो," ते म्हणाले.

"हो."

"हं."

त्यांनी ती गाठ पुरी केली. पुढची घेतली. तीही पुरी केली. सुनेला वाटलं, यांनी एकदा तरी ओरडावं. पण त्यांना ते येतच नव्हतं.

"बाबा, मी उद्याच क्लबात जाऊन सगळ्यांना खरं सांगते."

"छे, छे! काहीतरीच काय!" सासरे एकदम दचकले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज तिने पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "अगं, पन्नासेक माणसांना सांगून बसलोय मी! अध्यक्षांनासुद्धा! पुढच्या वर्षीपासून सगळ्या बोटी तुझ्याकडेच तपासायला द्यायच्या, असं ठरवून मोकळे झालेत ते."

"अहो, पण मला नळसुद्धा..."

"तेच म्हणतोय." सासऱ्यांनी ताडपत्रीची शेवटची गाठ मारली आणि चित्र बिघडलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं तिच्याकडे मायेने बघितलं. "सांगून तर झालंय सगळ्यांना. वर्ष आहे हातात. आता तू शिकून घे."