मन्सारामभाऊंचं तळं

गच्चीवर कोबा घातला की त्यावर पाणी कोंडून ठेवतात, खाली गळतं का ते बघायला. त्या पाण्यात मी गोधड्या धुतल्या. हसा खुशाल. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे साठी नुकतीच उलटली होती, आणि सिल्वासाच्या उन्हात तापलेलं आयतं पाणी नुसतं पडून आहे हे मला बघवेना. गोधड्या बुडवल्या, तुडवल्या, कठड्यावरून बाहेर पिळल्या. साबण लावला नाही, एवढी अक्कल मात्र शाबूत होती.

सामरवरणीतलं ते घर आमचं, पण गच्चीवरचं तळं मन्सारामभाऊंचं. खानदेशातून इथे आलेला हा माणूस सायली गावातल्या कारखान्यांपासून लोकांच्या न्हाणीघरांपर्यंत गळती बुजवून सगळं कोरडं करत फिरायचा. कुणाच्या घरी गेला की आधी छताकडे बघणार, मग माणसांकडे. एका लग्नात अक्षता हातातच राहिल्या आणि भाऊ हॉलच्या कोपऱ्यातला ओला डाग बघत उभे. वरबापाला म्हणाले, "पाइपाच्या कडेनं येऊ राहिलं बघा."

गळणाऱ्या पाण्याला ते 'पाव्हणा' म्हणायचे. "दरवाजातून नाही येत तो, माय. भिंत अन् स्लॅब भेटते ना, तिथून घुसतो. घुसला की जायचं नाव नाही!" वयाने माझ्याहून थोडेच लहान, तरी मला माय म्हणायचे. मला ते फार लागायचं.

पाणी कोंडलं की सदरा वर करून ते स्लॅबखाली उताणे पडायचे. "डोळा चुकतो, माय. पोटाला पहिला थेंब कळतो." आमचे हे निवृत्त मास्तर. शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचायचे, छत्री जवळ ठेवून.

गोधड्यांच्या दुसऱ्या दिवशी भाऊ वर गेले. पाणी कुठवर आहे ते कळावं म्हणून कठड्यावर त्यांनी कोळशाची रेघ मारली होती. पाणी रेघेच्या चांगलंच खाली, आणि खोलीत छत कोरडं ठणठणीत.

"ऊन पितं हो पाणी," हे म्हणाले.

"ऊन इतकं नाही पीत, सर. पाव्हणा भिंतीत शिरला. लपून बसलाय."

दिवसभर भाऊ भिंतींना कान लावत फिरले. जेवले नाहीत. पाऊस तोंडावर आलेला, आणि पाव्हणा आत्ता सापडला नाही तर तो आमच्या नव्या घरात उतरणार, म्हणून माणूस पिवळा पडला. आणि मी? घर होईपर्यंत आम्ही शेजारी भाड्याने राहत होतो, त्या खोलीत मी दोरीवरच्या ओलसर गोधड्या ओढून कपाटात कोंबत होते. मास्तरांच्या बायकोने असं केलं हे कळलं तर काय तोंड दाखवायचं? भाऊंना आल्याचा चहा नेऊन दिला. चहाने चूक भरून निघते असा माझा समज होता. त्यांनी कप कठड्यावर ठेवला, त्यावर साय धरली.

संध्याकाळी ते छिन्नी-हातोडा घेऊन वर निघाले. "कोबा फोडतो, सर. माझ्या हातानं घातला, माझ्याच हातानं फोडतो."

"अहो, एवढं चांगलं काम!" हे ओरडले.

"चांगलं असतं तर पाणी गेलं असतं का?"

वरून पहिला ठोका ऐकू आला. कपाटातली सगळ्यात जाड गोधडी कवेत घेतली आणि धापा टाकत गच्ची गाठली.

"भाऊ, थांबा! हा बघा तुमचा पाव्हणा!"

त्यांनी गोधडी हातात घेतली, दाबली, हुंगली. एका कोपऱ्यात अजून पाणी होतं. ते त्यांनी नीट तळ्यातच पिळलं, मग छिन्नी खाली ठेवून गार झालेला चहा सायीसकट पिऊन टाकला. मी बोलणी खायला तयार उभी होते. त्यांनी रिकामा कप माझ्या हातात दिला.

ठोक्याने पडलेला खळगा बुजवला, तळं पुन्हा भरलं. या वेळी पाणी रेघेला धरून राहिलं, भाऊंचं पोटही कोरडं राहिलं. घर पास झालं.

बायको गेल्यावर त्यांनी आपली खोली सोडली होती. जिथे काम, तिथल्याच अर्धवट बांधलेल्या घरात झोपायचं आणि ते कोरडं ठरलं की वळकटी बांधायची. आमच्याकडची बांधली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "कधी गळलं तर बोलावू हं, भाऊ."

वळकटी खांद्यावर सारखी करत ते म्हणाले, "गळल्यावर समदेच बोलावतात, माय. तुम्ही एकदा न गळता बोलवा. पाऊस चालू असताना बोलवा. मी नुसता बसेन."