गादीवाल्याच्या चार ओळी

गादीवाल्याने त्या दुपारी बायकोबद्दलच्या चार ओळी फोनमधल्या एआयकडून लिहून घ्यायचं ठरवलं. एवढ्याशा निर्णयाने माणूस थेट गच्चीवर उन्हात कसा पोचतो, त्याची ही हकीकत.

सकाळी बायको म्हणाली होती, "आज लग्नाला दहा वर्षं झाली. माझ्याबद्दल तुमच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही."

"निघालं की! परवाच म्हणालो, जरा सरक."

"संध्याकाळच्या आत चार ओळी लिहून द्या. नाहीतर महिनाभर ताईकडे चालले मी. पिशवी भरलीय."

पिशवी खरंच दाराशी होती. (मागे ती एकच दिवस ताईकडे राहिली, तर हा दोन पायांत दोन जोडांतल्या चपला घालून दुकानात गेला होता. एक तर तिचीच होती.)

दुपारी दुकानात तिरकं ऊन यायचं. त्यात कापसाचे तंतू इतके सावकाश तरंगायचे, की बघता बघता आपणही जमिनीपासून वीतभर वर गेलोय असं त्याला वाटायचं. नमुन्याच्या गादीवर आडवं होऊन त्याने लिहिलं, 'बायकोबद्दल चार ओळी.'

लगेच उत्तर आलं. केस म्हणजे रात्र, चेहरा म्हणजे चंद्र, चाल हंसाची.

गादीवाल्याने ती चाल डोळ्यांपुढे आणली. बायको जिना उतरू लागली की काय पडलं ते बघायला शेजारी दार उघडायचे. हंस काही तिथे बसेना.

तेवढ्यात मेहुणा आला आणि फोनमध्ये डोकावला. तो दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरला कामं सांगायचा, त्यामुळे माणसांशीही त्याच सुरात बोलायचा.

"भाऊजी, असं मोघम सांगून कसं चालेल? त्याला काय ठाऊक तुमच्या घरचं? आधी 'तू अमुक अमुक आहेस' असं त्याला सांगायचं, मग सगळे बारकावे, मग काय हवं आणि किती हवं. आणि नवीन पान उघडा, म्हणजे हंस जाईल त्याच्या डोक्यातून."

"सगळे बारकावे?"

"जे सांगणार नाही, ते त्याला कळणार नाही!"

आता हा फोन कोण? माझ्या वतीने लिहिणार म्हणजे मीच की, असा विचार करून त्याने नवीन पानावर लिहिलं, 'तू वीस वर्षांचा अनुभव असलेला गादीवाला आहेस.' 'बायको' हा शब्द मेहुण्यादेखत लिहायची लाज वाटली, म्हणून तेवढा गाळला. बारकावे मात्र ऑर्डर लिहून घ्यायच्या सवयीने चोख घातले. 'लांबी पाच फूट दोन इंच. घरी येऊन दहा वर्षं झाली. वरून कडक, आतून मऊ. थंडीत ऊबदार. दिवसभराचा शीण इथेच उतरतो. घरात नसली तर झोप लागत नाही. चार ओळी लिही.'

मेहुणा गेला, आणि एवढं लिहून तो इतका दमला होता, की डोळे मिटले. स्वप्नात तो आणि बायको एका पांढऱ्या ढगावर बसून चालले होते आणि ती म्हणत होती, जरा सरका. फोन वाजला. अर्धवट झोपेत त्याने आलेल्या ओळी न वाचताच बायकोला पाठवल्या आणि परत ढगावर जाऊन बसला.

ढगावरून उतरला तेव्हा समोर बायको उभी होती. हातात पिशवी.

"वास येतो मला?"

"अं?"

तिने वाचून दाखवलं, "'दहा वर्षं पुष्कळ झाली. मधोमध खळगा पडला असल्यास कापूस पिंजून घ्यावा. वास येत असल्यास खोळ बदलावी. शक्यतो जुनी देऊन नवीन घ्यावी.'"

गादीवाल्याने फोन पुढे केला. तिने त्याचं लिहिणं वाचलं. पुन्हा वाचलं. कापसाचा एक तंतू तिच्या पापणीवर येऊन बसला, तरी तिने तो काढला नाही.

"'घरात नसली तर झोप लागत नाही,' हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"मग हेच का नाही पाठवलंत?"

"हे होय? हे नुसतं त्याला समजावं म्हणून लिहिलं होतं."

तिने पिशवी खाली ठेवली. तो हुश्श करणार, तोच ती म्हणाली, "थांबा, आता मी विचारते." आणि त्याच पानावर तिने लिहिलं, 'लांबी पावणेसहा फूट. दिवसभर एका जागी पडून. मधोमध फुगवटा. दहा वर्षं झाली, पण टाकवत नाही. काय करू?'

उत्तर ताबडतोब आलं. 'गच्चीवर कडक उन्हात ठेवा. अधूनमधून उलटंपालटं करा. काठीने हलकेच बडवा.'

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आकाशात पिंजलेल्या कापसासारखे ढग तरंगत होते, आणि खाली तापलेल्या गच्चीवर गादीवाला मांडीवर वही घेऊन बसला होता. बायकोला आणखी चार ओळी हव्या होत्या, या वेळी फोनशिवाय. ती सावलीत बसून काठीने कठड्यावर ताल धरत होती.

"अगं, गादीसुद्धा संध्याकाळी आत घेतात," तो काकुळतीने म्हणाला.

तिने फोन उघडून ते उत्तर पुन्हा नीट वाचलं.

"तसं यात कुठे लिहिलेलं नाही."