मानसिंगचं यान देव्हाऱ्यात

जो माणूस रोज सोन्याचं पाणी करतो, त्याला एक अंतराळयान ओतायला कितीसा वेळ लागणार! मानसिंगने स्वतःलाच असं बजावलं आणि बाह्या सारल्या.

गडी विट्याचा. कोइमतूरला त्याचं गलाईचं दुकान, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करायचा धंदा. लग्न जमवायला गावी आला होता. सांगलीची अपेक्षा नावाची मुलगी त्याच्या मनात भरली होती. ती मात्र नुसतं "सांगते" म्हणाली होती. तिला परग्रहावरच्या गोष्टी वाचायचं वेड. "सोनं कुणीही देईल. स्वतःच्या हातानं काय करता येतं?" असं तिनं पहिल्याच भेटीत विचारलं होतं. रविवारी ती वडिलांबरोबर घर बघायला येणार होती. होकार-नकार तिथंच ठरणार!

आईला सांगायची सोय नव्हती. पोरीला साडी द्यायची सोडून खेळणं देतोस, म्हणून बनुबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा त्याने गोठ्यामागं भट्टी पेटवली, फुटका ॲल्युमिनियमचा टोप वितळवला आणि साच्यात ओतला. यान निघालं! तीन पाय, सुटलेलं पोट, वर टोपी. उडायच्या बेतात कमी, जेवून बसलेलं जास्त. पण रंग सगळं झाकतो! रविवारी सकाळी त्याने चंदेरी रंग दिला, कमरेला निळा पट्टा ओढला, आणि त्या पट्ट्यावर स्वतःच खूश झाला.

आता वाळवायचं कुठं? अंगणात कोंबड्या, माडीवर धुरळा. धूळ नसलेली एकच जागा, ती म्हणजे देव्हारा! देवांच्या रांगेत यान ठेवून गडी दाढीला बसला.

बनुबाई पूजेला आल्या आणि थबकल्या. लग्नाआधी देवांचे टाक, म्हणजे धातूच्या प्रतिमा, नव्यानं घडवायची घरची रीत. "आगं बया! न सांगता देव घडवला पोरानं!" त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि ओल्या रंगावर सढळ हाताने थापला. वर हळद-कुंकू, झेंडूची माळ. शेजारचे नानासो तर नारळच घेऊन आले.

"आवं काकी, लय जागृत दिसतोय! माजी जळकी मोटर चालू हू दे, देवा, निवद दावतो!" म्हणत ते मोटर बघायला मळ्याकडं पळाले.

घंटा ऐकून मानसिंग तोंडाला फेस तसाच ठेवून धावला. "आई! आगं ते यान हाय!"

"आसंल की! देवाला वाहन लागतंच!"

इतक्यात दारात अपेक्षा आणि तिचे वडील नाथाजी!

"ये पोरी. आदी पाया पड," बनुबाई म्हणाल्या.

अपेक्षाने वाकून पाहिलं. "हे मंगळावरून आलंय का?" आणि ती हसत सुटली.

मानसिंगला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "तुमच्यासाठी केलंतं. माज्या हातानं. खाली निळा पट्टा बी हाय..."

आता बनुबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. चेहरा उतरला. "चुकलं माजं. पर पुजलेला देव उंबऱ्याबाहेर जात न्हाई गं. तुला कसा देऊ?"

अपेक्षा हसायची थांबली. शेंदराने माखलेल्या त्या पोटाकडे तिनं मायेनं बघितलं.

"मग मलाच इथं यायला लागंल की!"

नाथाजींना ठसका लागला. बनुबाईंनी यानाला घाईघाईनं हात जोडले. तेवढ्यात नानासो मळ्यातून ओरडत आले, "काकी, मोटर चालू झाली!"

लग्न झालं. यानाला दर अमावस्येला शेंदूर चढतो. आत निळा पट्टा आहे, असं मानसिंग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. कुणी विचारलेलं नसतं.