निम्मी गोळी मंजूर

वयोवृद्ध औषध सवलत कक्षात मी निर्णय अधिकारी आहे. पुराव्याशिवाय मी अर्ज मंजूर करत नाही, आणि पुरावा मिळाल्यावर तर मुळीच घाई करत नाही.

गेल्या वर्षी शिंपीण आजी आल्या. वय पंच्याहत्तर, हृदयासाठी रोज एक गोळी, कमाई लोकांच्या पँटी आखूड करून मिळेल तेवढीच. सवलत मिळाली तर गोळी निम्म्या भावात पडणार होती.

"आतापर्यंत कसं भागवलंत?" मी विचारलं.

"कात्रीनं!" आजी तोऱ्यात म्हणाल्या. "गोळी बरोब्बर मधोमध कापते. पन्नास वर्षं कापड बेतलंय, कणभर सांडत नाही. पट्टी दुप्पट दिवस पुरते."

ही कबुली मी तत्काळ नोंदवली. अर्जदार अर्ध्या गोळीवर दोन जिने चढून आली होती. सबब गरज अर्ध्या गोळीची, सवलतही तेवढ्यावरच.

"अहो, डॉक्टरांनी अख्खी सांगितलीय!"

"डॉक्टर रोग बघतात, आजी. आम्ही वापर बघतो."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही टिंगल खोटी पाडत मी त्यांना पाचव्याच महिन्यात फेरतपासणीला बोलावलं. मधल्या काळात भाव वाढला होता आणि आजी पाव गोळीवर आल्या होत्या. मी पाव मंजूर केली. नियमापुढे मी आपपरभाव ठेवत नाही.

तिसऱ्या वेळी त्यांना दोन जिने चढायला पाऊण तास लागला. धाप ओसरेपर्यंत मी थांबलो, तशी तरतूद नसताना.

"गोळी बंद केली, साहेब. पाव गोळीचे तुकडे करायचे, तर हात थरथरतो."

मी शेरा लिहिला: 'औषधाविना हयात. गरज शून्य.'

"म्हणजे मेले असते, तर गरज पटली असती?"

"तर अर्ज कोणी केला असता, आजी?"

त्यांनी पिशवीतून कात्री काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही घ्या. माझ्यापेक्षा तुमचा हात बसलाय."

कात्री साहित्याच्या यादीत चढवली. आजी पुन्हा आल्या नाहीत. तक्रार नाही, अर्थात समाधान आहे.

ज्येष्ठांचा औषधखर्च घटवल्याबद्दल आमच्या कक्षाला ढाल मिळाली. ती बातमी वाचून तुम्हीही मान डोलावली असेल. तुमच्या आईची गोळ्यांची पट्टी हल्ली दुप्पट दिवस पुरत असेल, तर तिला काही विचारू नका. आमची योजना तुमच्या घरी पोचली आहे.