हत्ती, मुंग्या आणि घसरलेला ऊकार

“वाचकाची नजर म्हणजे माझं पाळलेलं मांजर आहे! मी बोट दाखवीन तिथेच उडी मारतं!”

असं बोलायची छाती त्या मासिकात एकाच माणसाची. पानं मांडायचं काम त्यांचं. जाड अक्षरांचं वेड इतकं, की खरं नाव सगळे विसरले. बायकोसुद्धा ‘अहो ठळकराव’ म्हणूनच हाक मारायची.

त्यांचा कायदा सोपा होता. मथळा हत्तीएवढा, उपमथळा घोड्याएवढा, मजकूर मुंग्यांएवढा. नजर आधी हत्तीवर, मग घोड्यावर. मुंग्या कोण वाचतं?

वर्धापनदिनाच्या अंकात संस्थेच्या चार विश्वस्तांवर लेख होता. हेच चौघे ठळकरावांना कलासंपादक करणार होते. खुर्ची पुसून तयार, फक्त टेकायचं बाकी! मग हत्ती लहान कसा चालेल? मुखपृष्ठावर वर ‘पूजनीय’, खाली ‘चार विश्वस्त’. दोन्ही ओळी त्यांनी इतक्या फुगवल्या, की एकमेकींच्या मांडीवर बसल्या.

“अहो, ओळींना श्वास तरी घेऊ द्या!” मुद्रितं तपासणाऱ्या बाई कळवळल्या.

“श्वास घ्यायला बाग आहे! हे मुखपृष्ठ आहे!”

समारंभाला विश्वस्तांची गाडी फाटकाशी आली, तर पहारेकरी हातात अंक घेऊन आडवा!

“मॅडम, यांना आत सोडायचं का?” त्याने संपादकबाईंना विचारलं.

“म्हणजे काय? विश्वस्त आहेत ते!”

“ते छापलंयच की. पण त्याच्या आधी काय छापलंय ते बघा.”

बाईंनी बघितलं. वरच्या ‘पू’चा ऊकार लोंबत लोंबत खाली येऊन थेट ‘चा’च्या डोक्यावर मात्रा होऊन बसला होता. पूजनीय चोर विश्वस्त!

“चौघंही?” पाहुण्यांतून कुणीतरी हळूच विचारलं.

ठळकराव उसळले. “मी ‘चार’च लिहिलंय! ऊकार घसरला त्याला मी काय करू? आणि आत चांगली पानभर स्तुती केलीय, ती कुणी वाचायची?”

“मुंग्या कोण वाचतं?” संपादकबाई दात-ओठ खात म्हणाल्या. “पुढच्या अंकात मुखपृष्ठावर खुलासा टाका. आणि ओळींत अंतर ठेवा!”

ठळकरावांनी असं अंतर ठेवलं, की दोन ओळींमधून ट्रक जावा. पहिली ओळ ‘आमचे’, दुसरी ‘विश्वस्त’, तिसरी ‘चोर’. तिथे मुखपृष्ठ संपलं. ‘नाहीत’ आतल्या पानावर गेलं.

“मग उलटा की पान!” ठळकराव कडाडले. “तेवढेही कष्ट नकोत वाचकाला?”

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर विश्वस्तांची नोटीस लागली. ती वाचता वाचता ठळकराव लालबुंद झाले.

“ही काय पद्धत झाली? सगळी अक्षरं एका मापाची! माणसाने आधी बघायचं कुठे?”

त्यांनी लाल पेन्सिल काढली, ‘कामावरून काढून टाकण्यात येत आहे’ या शब्दांभोवती गोल केला, शेजारी ‘हत्ती करा’ असं लिहिलं आणि नोटीस दुरुस्तीसाठी परत पाठवून दिली.

दुरुस्त प्रत अजून आलेली नाही. तोवर ते रोज वेळेवर कामावर येतात.