पिवळा दिवा

सूचनाफलकावर कागद लागला सकाळी आठला, आणि सव्वाआठपर्यंत बेकरीच्या डेपोतले बत्तीसच्या बत्तीस ड्रायव्हर तो वाचून मास्तरांची नजर चुकवू लागले. "सोमवारपासून चालक प्रशिक्षण बंद. सरावाच्या मैदानावर पार्किंग होईल. नव्या व्हॅनमध्ये स्टॅबिलिटी कंट्रोल असल्याने प्रशिक्षकाची गरज उरलेली नाही." खाली मॅनेजरची सही, शेपटीला दोन वेटोळी घातलेली.

बावीस वर्षं मास्तर एकच गोष्ट शिकवत आले होते. मैदानावर साबणाचं पाणी ओतायचं, लाल कोन मांडायचे आणि माणसाला गाडीसकट मुद्दाम घसरवायचं. घसरल्याशिवाय सावरता येत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र. खुद्द मॅनेजर इथं तीनदा नापास होऊन चौथ्यांदा कसाबसा सुटला होता. ज्यानं आपल्याला तीनदा नापास केलं त्याचं दुकान माणूस संधी मिळताच बंद करतो, मग कारण काहीही देवो.

मास्तर कागद हातात घेऊनच केबिनमध्ये शिरले. मालकीणबाई समोरच बसल्या होत्या. बरंच झालं.

"हे काय आहे?"

"मास्तर, मनाला लावून घेऊ नका," मॅनेजर म्हणाला. "नव्या गाड्या येऊन आठ महिने झाले. अपघात किती? शून्य. गाडी वळणावर फेकली जायला लागली की यंत्र आपणहून एकेका चाकाला ब्रेक लावतं. ड्रायव्हरनं नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला पोतंही बसतं."

"आणि मी शिस्त लावलीय ना. इंजिन चालू केलं की आधी बटण दाबायचं, पिवळा दिवा लावायचा. दिवा लागल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जात नाही."

यंत्र विकत घेतलं की त्याच्या खोक्यातून अक्कलही येते, असं समजणाऱ्यांची जगात कमतरता नाही. मास्तर हे तोंडावर बोलणारच होते, पण मालकीणबाईंनी हात वर केला.

"भांडू नका. चालवून दाखवा. ओलं मैदान, एकच गाडी, एकच वळण. मॅनेजर यंत्र लावून चालवतील, तुम्ही यंत्राशिवाय. माझा गुलाबाचा वाफा जो वाचवेल त्याचं खरं."

वाफा वळणाच्या बरोबर पलीकडे होता. मालकीणबाईंनी स्वतः लावलेला.

मॅनेजरनं इंजिन चालू केलं, बटण दाबलं, पिवळा दिवा लागलेला सगळ्यांना दाखवला आणि चाळीसच्या वेगानं निघाला. वळणावर त्यानं स्टिअरिंग पिळलं. गाडीनं एक गिरकी घेतली, चार कोन उडवले आणि पाठमोरी जाऊन गुलाबात बसली. मॅनेजर उतरला तो पँटमधले काटे काढत.

दोर लावून गाडी बाहेर ओढली. मास्तर बसले, इंजिन चालू केलं. पिवळा दिवा विझलेला होता. झकास. बटणाकडे ढुंकूनही न बघता त्यांनी साठ गाठला. वळणावर पायाखाली काहीतरी गुरगुरलं, स्टिअरिंग जरा मऊ लागलं, आणि एकही कोन न हलवता गाडी वाफ्याआधी हातभर अंतरावर उभी राहिली. मास्तरांना वाटलं, मनगट वीस वर्षांनी तरुण झालंय.

मालकीणबाईंनी तो कागद तिथल्या तिथं फाडला. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांची लेक डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होती. नव्या गाड्यांचं काम अजून विकणाऱ्याकडेच जायचं, त्यामुळे या गाडीत ती आज पहिल्यांदा बसत होती, मागचा पत्रा कितपत चेपलाय ते बघून झाल्यावर. तिनं चावी फिरवली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं आणि बापाला बाजूला घेतलं.

"अप्पा, तुम्ही बटण दाबलं होतंत?"

"छे. दिवा विझलेलाच होता."

"दिवा विझलेला म्हणजे यंत्र चालू. इंजिनाबरोबर ते आपलं आपण चालू होतं. बटण दाबलं की बंद पडतं, आणि बंद केलंय हे सांगायला दिवा लागतो. खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

मॅनेजर चष्मा खिशात ठेवून हिंडायचा. वय दिसू नये म्हणून.

जिंकलं यंत्र, टाळ्या मास्तरांना. फाटलेला कागद पुन्हा चिकटवायला वेळ लागत नाही. पण उद्या सकाळी बत्तीस पोरं यंत्र बंद करून रस्त्यावर जाणार होती, आणि सगळी त्यांनीच शिकवलेली.

"तुम्ही सांगता की मी सांगू?" लेक म्हणाली.

"मला तोंड आहे."

त्यांनी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं, काही न लपवता. मॅनेजरचा चेहरा आधी उतरला, मग उजळला.

"म्हणजे मी हरलो ते यंत्र बंद होतं म्हणून."

"आणि मी जिंकलो ते चालू होतं म्हणून. लिहून देऊ?"

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणजे आठ महिने बत्तीस गाड्या यंत्राशिवाय फिरल्या, आणि अपघात शून्य. मग हे श्रेय कुणाचं?"

मॅनेजर छताकडे बघू लागला.

"मैदान राहील. मास्तर राहतील. बटणाला यापुढे कुणी बोट लावायचं नाही. आणि सोमवारी पहिल्या तासाला तुम्ही मैदानावर. चष्मा लावून."

जेवणाच्या सुट्टीत डेपो रिकामा झाला. मास्तरांना राहवेना. साठला वळण घेतलं होतं ते मनगट कुणाचं, एवढं तरी कळायला हवं होतं. त्यांनी गाडीत बसून बटण दाबलं, पिवळा दिवा लावला आणि निघाले. शिकवताना पस्तिसाच्या वर कुणाला जाऊ देत नसत. आज काटा साठावर होता.

लेक डबा खाऊन परत आली तेव्हा गाडी वाफ्यात होती, बरोबर मॅनेजरच्याच चाकोरीत. उरलेलं एकुलतं एक गुलाबाचं झाड बंपरला टेकलं होतं.

"अप्पा, तुम्हीसुद्धा?"

"मॅनेजर कुठं चुकला ते बघत होतो."

"मग, सापडलं?"

"सापडलं," मास्तर म्हणाले. "मालकीणबाई यायच्या आत दोर आण."